सासूबाईंच्या उठाबशा

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी वसईला, केळीच्या वाडीतल्या घरात आले आणि दोन-तीन वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून सासूबाईंना पार बसवून टाकलं. सून आली की सासूने बसून हुकूम सोडायचे, हा आमच्याकडे मान. विहिरीची कळशी मी घेतली, केळीच्या पानांचे गठ्ठे दिरांनी घेतले. रात्री पोटाला हलकं म्हणून त्यांना नुसती पेज. गावात माझं कोण कौतुक, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं, तोवर सासूबाईंना पाटावरून उठवायला दोघी लागू लागल्या होत्या. आमच्या घरी हळदीला पहिली फुगडी नवऱ्यामुलाच्या आईने घालायची. "मी नाय घालनार," म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. मला ते बघवेना.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी त्यांचे पाय चाचपून पाहिले. म्हणाले, आजार काही नाही. वयाबरोबर अंगावरचं मांस झडतंच, पण बसवून ठेवलं आणि पेजेवर ठेवलं की जास्तच झडतं. मासे, अंडी, डाळी द्या, खुर्चीवरून हात न टेकता उठू-बसू द्या, हळूहळू वजनही उचलू द्या.

मग काय, आमची नुसती धमाल. माशाचे तुकडे सगळ्यांना वाढून स्वतः रशावर जेवायची त्यांची जन्माची सवय. मी समोरच ठाण मांडायची. तुकडा नातवाच्या ताटात सरकला की उचलून परत त्यांच्या ताटात. वालाचं बिरडं मात्र त्या मागून घेत.

लोकांदेखत उठबस करायची लाज, म्हणून खुर्ची नेली वाडीत, केळींच्या आड. मी ओरडायची, उठा, बसा! उठता उठता त्यांना फिस्सकन हसू यायचं, हसलं की पायांतलं बळ जायचं, आणि त्या धपकन खाली. मग मीही पोट धरून तिथेच बसायची. असं करत करत आम्ही खुर्चीवरून स्टुलावर आणि स्टुलावरून पाटावर आलो. अर्धी कळशीही त्या कमरेवर घेऊ लागल्या.

शेजारच्या काकींनी हे कुंपणापलीकडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अमक्यांची सून सासूला उठाबशा काढायला लावते. सासरे गंभीर चेहऱ्याने जाब विचारायला आले. मी तोंडात पदर कोंबून उभी. शेवटी सासूबाईंनीच त्यांच्यासमोर उठाबशा काढून दाखवल्या, तेव्हा सासरे बोटांवर मोजायलाच लागले.

हळदीच्या दुपारी त्या पाटावरून उठल्या. मी पुढे केलेले हात तसेच राहिले. पदर खोचून त्यांनी नेमकं त्या काकींनाच फुगडीला ओढलं. दोघी गरगर फिरू लागल्या आणि मला आनंदाने रडूच फुटलं. थोड्या वेळाने काकींचा दम संपला, त्या मटकन अंगणात बसल्या आणि काही केल्या त्यांना उठता येईना.

सासूबाईंनी हात देऊन त्यांना उभं केलं.

"उद्यापासून वाडीत ये," त्या म्हणाल्या. "माझी सून तुलापन उठाबशा काढायला लावेल."