टोकावड्याची सायकल

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. बाळारामच्या गिरणीत दळण होईपर्यंत थांबावं लागतं. पट्टा फटफटत असतो, ओरडून बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि थोड्या वेळाने कोणीतरी ओरडतंच, "त्या टोकावड्याच्या वेळी काय झालं, ठाऊक हाय ना?" ठाऊक सगळ्यांनाच असतं. तरी सगळे ऐकतात, आणि दर वेळी किश्शाला थोडं पीठ जास्तच लागतं.

आम्ही चौघं. गिरणीवाला बाळाराम, अंगाने भरलेला. कारखान्यात फिटर असलेला गुरुनाथ. कापडाच्या दुकानात बसणारा पद्माकर. आणि मी, शाळामास्तर. नव्वदच्या दशकात दर भाऊबीजेला आम्ही शहापूरहून सायकली काढायचो आणि सापगाव, मुरबाड करत टोकावड्याला बाळारामच्या बहिणीच्या दारात जायचो. लोकांना वाटायचं, पोरांना सायकलिंगची हौस आहे. हौस कसली! एका सायकलीने आम्हाला कामाला लावलं होतं.

* * *

बाळारामच्या मोठ्या बहिणीचं, सुलोचनाताईचं लग्न होतं. जावयाला नवी सायकल द्यायचं ठरलं होतं. काळी, उंच, घंटीसकट. दुकानातून ती मांडवात आणायचं काम बाळारामकडे होतं. घरच्यांनी बजावलं होतं, "हातात धरून आण. बसू नको."

आता मिसरूड फुटलेला पोरगा नवी सायकल हातात धरून चालत येईल का? बसला. वाटेत पद्माकर भेटला, त्यालाही मागे घेतला. मांडवाच्या वळणावर समोरून वाजतगाजत नवरदेवाची मिरवणूक आली, बाळाराम वाजंत्री बघत राहिला आणि सायकल थेट सरपणाच्या ढिगात घुसली. पुढचं चाक वाकून त्याला असा आठ पडला की ते फिरवलं तर चिमट्याला घासून अडायचं. नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून बघत होते.

"ही सायकल मला नको," नवरदेव म्हणाले. "आणि ही आणणारा माझ्या ओटीवर चढणार नाय."

लग्न लागलं, जेवणं झाली. शब्द मात्र तसाच राहिला.

* * *

सायकल घरी परत आली. बाळारामने गिरणीमागे बसून एकेक तार आवळत, सैल करत चाक सरळ केलं. दिवाळीपर्यंत चाक पुन्हा सुतात आलं. मग त्याने आम्हाला सांगितलं, "ही भावजींचीच हाय. त्यांच्या दारात नेऊन लावणार. घेत नायत तवर दर भाऊबीजेला नेणार."

"यष्टीच्या टपावर टाकू," पद्माकर म्हणाला.

"टपावर आदळली तर पुन्हा आठ पडंल. चालवत नेतो."

"चालवतानाच पडला होता," गुरुनाथ म्हणाला.

तरीही आम्ही निघालो. एकट्याला एवढ्या लांब कसं सोडणार?

* * *

पहिल्या वर्षी पोचलो तेव्हा पाय आमचे राहिले नव्हते. भावजी ओटीवर खाटेवर बसले होते. आम्ही अंगणात. अंतर म्हणाल तर दोन पायऱ्या.

भावजींनी बाळारामकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या दोस्ताला सांगा, आमी घरी नाय."

बाळाराम माझ्या शेजारीच उभा. तोही माझ्याकडेच बघून म्हणाला, "मास्तर, भावजींना सांगा, ते येईपर्यंत आमी थांबतो."

ताई पाणी आणि करंज्या घेऊन अंगणात आली. पद्माकरने आपला शहाणपणा केला. "ताई, आता इथंच ओवाळा की. वरती कुठं अडून बसायचं?"

ताईने तांब्या खाली ठेवला. "माझा भाऊ वाटसरू हाय का? ओवाळीन तर ओटीवर, पाटावर बसवून. नायतर नाय." हे तिने आम्हाला सांगितलं, पण आवाज ओटीपर्यंत जाईल एवढा ठेवून.

ऊन उतरल्यावर बाळाराम सायकल अंगणात तशीच लावून माझ्या कॅरिअरवर येऊन बसला. आम्ही वळतो तोच ओटीवरून आवाज आला, "मास्तर, कोणाची तरी सायकल राहिली."

ती परत घेऊन आलो. शहापूरला बाळारामची आई दारात उभी होती. तिने पोराच्या कपाळाकडे पाहिलं. भाऊबीजेचा दिवस आणि कपाळावर कुंकू नाही. ती आत जाऊन पानं वाढायला लागली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी जायचं की नाही हा प्रश्न आमच्यापुरता तिथंच मिटला.

* * *

आमचा एकच नियम होता: एकाची सायकल बसली की सगळ्यांनी उतरून चालायचं. हा गुरुनाथचा कायदा. कोणाला मागे सोडलं की तो घरी परततो, असं त्याचं म्हणणं.

एका वर्षी सापगाव सोडलं आणि पद्माकरचं चाक पंक्चर झालं. दुकान बंद, भाऊबीज. चौघं सायकली हातात धरून भाताच्या शेतांमधून निघालो. कापणी जोरात होती, बांधाला कापलेल्या भाताची कडपं पसरलेली. एक म्हातारी विळा घेऊन सरळ उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"काय रे, चौघांच्याबी मोडल्या?"

"नाय गो आजी, एकाचीच."

"मंग बाकीचे का चालतात?"

गुरुनाथने तिला नियम समजावून सांगितला. म्हातारीने सगळा ऐकून घेतला आणि सुनेला हाक मारली, "गो, यांना पानी दे. ऊन लागलंय."

* * *

पुढे गुरुनाथने गिअरची सायकल घेतली. मुरबाडच्या पुढे रस्ता नुसता वरखाली होतो, एक चढ संपला की दुसरा तयार. गुरुनाथ प्रत्येक चढाला खटखट गिअर बदलायचा आणि बाळाराम त्या जड काळ्या सायकलीवरून उभ्याने पायडल मारत त्याच्या पुढे निघून जायचा. तोंडाने एकच चालू, "पोचवायची हाय. पोचवायची हाय."

एका चढावर गुरुनाथ दम खायला थांबला. धसईच्या बाजाराला निघालेला एक शेतकरी भाजीची पाटी उतरवून त्याच्या सायकलीभोवती फिरला. वाकून सगळे गिअर बघितले.

"एवढ्यातला रिव्हर्स कंचा?"

"रिव्हर्स नसतो काका."

"मंग परत कसं येतंस?"

* * *

त्या रस्त्याचा एक कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला होता. दर भाऊबीजेला गाडी आमच्याजवळून जाताना हळू व्हायची आणि तो खिडकीतून ओरडायचा, "टाका रे टपावर!" बाळाराम मान हलवायचा. कंडक्टर डबल घंटी द्यायचा. एका वर्षी गाडीतल्या कोणी त्याला विचारलं, ही पोरं कुठं निघाली. तो म्हणाला, "ओटीवर." तोवर आमची गोष्ट सगळ्या गाडीला पाठ झाली होती.

* * *

ताईला मुलगी झाली. ती बोलायला लागली त्या वर्षी आम्ही अंगणात नेहमीच्या जागी बसलो होतो. भावजींनी पोरीला जवळ घेऊन कानात काहीतरी सांगितलं. पोर दोन पायऱ्या बसत बसत उतरली आणि बाळारामसमोर येऊन उभी राहिली.

"मामा, बाबा घरी नाय. पन बाबा बोलला, करंजी खाऊन जा."

भावजी दुसरीकडे बघायला लागले. बाळारामने तिला उचलून घेतलं आणि तोंड तिच्या झबल्यात लपवलं. ओवाळणीचं ताट तेव्हाही निघालं नाही. ताईही काही कमी नव्हती.

* * *

शेवटचा किस्सा त्यानंतरच्या भाऊबीजेचा.

मुरबाड मागे पडलं आणि बाळारामच्या मागच्या चाकाची हवा गेली. गुरुनाथने पंक्चर काढलं. पण पंपाचा वॉशर सुकला होता. कितीही मारा, हवा जातच नव्हती. फिटरचा पंप, आणि त्यालाच तेल नव्हतं. आम्ही नियमाप्रमाणे चालायला लागलो.

दुपार गेली. गाडी आली, कंडक्टर ओरडला, बाळारामने मान हलवली.

"अरे, या वर्षी टाक," पद्माकर म्हणाला. "अंधार पडंल. ताईचा दिवस जाईल."

"चालत पोचंल," बाळाराम म्हणाला, "पन टपावर नाय जाणार. पहिल्यांदा पन हातातच धरून न्यायची होती."

आम्ही पुन्हा चालायला लागलो.

टोकावड्याच्या अलीकडच्या ढाब्यापाशी ऊन अगदी उतरलं होतं. समोरून एक माणूस खांद्यावर पंप टाकून चालत येत होता. जवळ आला तेव्हा दिसलं, भावजी. कंडक्टरने गावात सांगितलं असणार.

त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पंप टेकवला, हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून बघितला. मग पुढचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि एक डोळा मिटून रिंग बघत राहिले. चाक कुठेही न घासता फिरत होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "आठ कोणी काढला?"

"बाळारामने."

"हं."

त्यांनी हँडल धरलं, टांग मारली आणि सीटवर बसले. एक पाय जमिनीवर. बाळारामने पंप उचलला आणि चालायच्या तयारीने बाजूला उभा राहिला. आम्ही तिघंही आपापल्या सायकली हातात धरून उभे.

भावजी पुढे बघतच बोलले, "बाळाराम, बस मागं. ती पाट मांडून कधीची उभी हाय."

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. आता मी मधे पडून कोणाला काही सांगायची गरज नव्हती. तो पंप मांडीवर घेऊन कॅरिअरवर बसला, त्याच्या वजनाने सायकल डावीकडे कलली आणि भावजींनी पटकन पाय टेकला.

"नीट बस," ते म्हणाले. "नवी सायकल हाय."