देवचंद मिस्त्रीची साक्ष

गोंद्याच्या मोटारस्टँडवर देवचंदला सगळे डॉक्टर म्हणत, आणि ते काही थट्टेनं नव्हे. लढाईच्या काळात चार वर्षं जबलपूरला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात काढून तो परत आला. घरची धानाची शेती धाकट्या भावावर सोडून त्यानं स्टँडच्या कडेला टिनाचं शेड टाकलं. इंजनाचं लोखंडी काम करणारे मिस्त्री गावात चार-पाच होते, पण गाडीतल्या वायरींचं काम कळणारा हाच एक. त्याचं हत्यार म्हणजे एक बारका बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब तारा. एक तार गाडीच्या लोखंडाला टेकवायची, दुसरी वायरच्या टोकाला. बल्ब लागला तर करंट तिथवर पोचला, नाही लागला तर अलीकडे कुठंतरी खोट आहे. एवढ्या भांडवलावर त्यानं भल्याभल्या गाड्या चालत्या केल्या होत्या.

पण माणसाला एक खोड होती, ती आधीच सांगून टाकलेली बरी. "माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत निदान. लोक भोवती जमून "वा डॉक्टर" म्हणायचे, आणि याची मान आणखी ताठ व्हायची. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "घरी भाजीत मीठ कमी का जास्त ते तुमाले सांगता येत नाही, अन् तिकडं कसे पटपट सांगता?" तो हसला होता. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

त्रेपन्न सालच्या मे महिन्यात गुलाबचंद सेठची देवरी लाइनची गाडी उलटली. देवरीच्या अलीकडं जंगलातून रस्ता खाली उतरतो, तिथं गाडी रस्ता सोडून भाताच्या बांधीत गेली आणि एका अंगावर पडली. जीव कोणाचा गेला नाही. पण रुख्मा नावाची, त्या बांधीपलीकडच्याच गावची एक बाई खिडकीशी बसली होती, तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. वैदूनं बसवला तो वाकडाच बसला.

गाडीवर ड्रायव्हर होता भोजराज. आता त्या वेळची एक गोष्ट ठाऊक असायला हवी. पेट्रोल वाचवायला बरेच ड्रायव्हर उतार आला की गिअर काढायचे, चाबी बंद करायचे आणि गाडी तशीच घरंगळत सोडायचे. वाचलेलं पेट्रोल कुठं जायचं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्यामुळं गाडी उलटली म्हटल्यावर सेठनं पाहिल्या त्या दोनच गोष्टी. गिअर सुटलेला आणि चाबी बंद.

भोजराज हात जोडून सांगत होता, "सेठ, मी चाबीले हात नाही लावला. उतार लागला अन् इंजन आपोआप बंद पडलं. गिअर काढून पुन्हा टाकून पाहून राहिलो होतो, तवा गाडी सुटली. चाबी त मी मंग बंद केली, गाडी पडल्यावर. पेट्रोल सांडून राहिलं होतं, आग लागली असती."

"हर ड्रायवर यहीच बोलता है," सेठ म्हणाला. "देवचंद, तू देख. तू जो बोलेगा वही सही."

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ होती. रात्रभर गाडी बांधीत पडून थंडगार झालेली. गावकऱ्यांनी बैलं जुंपून ती उभी केली होती. स्टँडवरचे दोन-तीन ड्रायव्हर आले होते, गावचे पंच होते, पन्नासेक माणसं जमली होती. देवचंदनं चाबी फिरवली, स्विचच्या मागच्या वायरीला बल्बची तार लावली. बल्ब लख्ख लागला. तीनदा चाबी बंद-चालू केली, तीनदा बल्बनं हुकूम पाळला. मग तो हात पुसत उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "स्विच चोख आहे. कोणी चाबी फिरवल्याशिवाय हे इंजन बंद पडत नाही."

भोजराजनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. रागानं नव्हे. आपण कुठं चुकलो असं मास्तरला विचारावं तसं पाहिलं. देवचंदला ती नजर तेव्हा कळली नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. भोजराजची नोकरी गेली. पेट्रोलचोर म्हणून त्याचं नाव प्रत्येक स्टँडवर पोचलं. कोणी त्याला गाडीला हात लावू देईना. शेवटी तो कुडवा या आपल्या गावी घरी जाऊन बसला, असं ऐकायला आलं.

उलटलेली गाडी दुरुस्त होऊन आमगावच्या आखूड लाइनीवर लागली. तासाभरात पोचायची, कुठं काही कुरबुर नाही. पुढल्या साली पाऊस लागल्यावर सेठनं ती पुन्हा देवरीला सोडली, श्यामलाल नावाच्या नव्या ड्रायव्हरसोबत. आणि एके दिवशी देवचंदच त्या गाडीत बसला. देवरीला मामेसासऱ्यांकडं कार्य होतं.

पावणेदोन तास झाले, जंगलातला उतार जवळ आला, आणि चढ संपायच्या जागीच गाडी गपकन बंद पडली. श्यामलालनं ब्रेक दाबून ती उभी केली. कपाळावर हात मारून तो म्हणाला, "डॉक्टर, इथंच काऊन बंद पडते समजत नाही. परवाही इथंच."

देवचंदनं पिशवीतून बल्ब काढला. भोंगा वाजत होता, दिवे लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक. स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर बल्ब लागला. स्विचमधून इंजनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलकडं जाणाऱ्या वायरीवर मात्र लागेना. चाबी तर चालू होती. त्यानं स्विचवर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं, इतका तो तापला होता. काय करावं हे सुचेना म्हणून तो बल्बची तार तशीच धरून ओणवा उभा राहिला. उतारू खाली उतरून बिड्या ओढू लागले. पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि कोणी कशाला हात न लावता त्याच्या हातातला बल्ब लागला.

त्यानं स्विच खोलून पाहिला. आत एक पितळी रिबिट ढिला झाला होता. पावणेदोन तास करंट वाहिला की तो तापायचा, तापला की टेकलेली पट्टी सुटायची, निवला की पुन्हा टेकायची. आमगावची लाइन त्याला तेवढं तापू देत नव्हती. आणि त्या सकाळी, रात्रभर निवलेल्या स्विचवर, पन्नास माणसांसमोर, आपण छाती काढून काय बोललो होतो ते त्याला शब्द न् शब्द आठवलं. इंजन चालू करून दोन तास थांबलो असतो तर? थांबलोच नाही. लोक पाहत होते ना.

त्यानं स्विच सोडून वायरींची टोकं थेट एकमेकींना पिळली, टेप गुंडाळला. मान वर केली तर रस्त्याच्या कडेच्या बांधीत रोवणी चालली होती. आठ-दहा बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या, आणि त्यांच्या ओळीत एक पुरुष होता. आमच्या भागात नांगरणी-चिखलणी पुरुषाची आणि रोवणी बाईची. पुरुष त्या ओळीत वाकला तर गाव वर्षभर हसतं. हा वाकला होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रुख्मा बसली होती, वाकडा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं रोपांच्या जुड्या फेकत होती.

तो पुरुष पाठ सरळ करत उभा राहिला. भोजराज.

त्यानं गाडी ओळखली, देवचंदलाही ओळखलं. तिथूनच ओरडून विचारलं, "काय निघालं गा, देवचंद?"

सांगायला एवढा सोपा क्षण पुन्हा मिळाला नसता. देवचंदचे ओठ उघडले. उतारू ऐकत होते, श्यामलाल ऐकत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "वायर सैल होती."

भोजराजनं मान हलवली आणि पुन्हा ओळीत वाकला.

कार्य उरकून देवचंद परतला. गोंद्याला आल्यावर त्यानं त्या गाडीला नवा स्विच बसवला आणि सेठला सांगितलं की जुना झाला होता म्हणून बदलला. खोटं म्हणावं तर खोटंही नाही, अशी बेमालूम लबाडी. मग त्याला स्वतःचीच किळस येऊ लागली. कोणी "डॉक्टर" म्हणून हाक मारली की मान खाली जायची. नऊ दिवस असे काढले. दहाव्या दिवशी तो देवरीच्या गाडीत बसला आणि उताराशी उतरून थेट बांधीत गेला.

भोजराज धुऱ्यावर भाकर खात बसला होता. रुख्मा शेजारीच होती. देवचंदनं बूट काढले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रिबिट, तापणं, निवणं, बल्ब.

भोजराजनं हातातली भाकर खाली ठेवली. मग म्हणाला, "तुले एक सांगू? पयले पयले मले पक्कं ठाऊक होतं, का मी चाबी मंग बंद केली. पण तू म्हटलं स्विच चोख आहे. तुह्यं बोलणं कधी खोटं निघालं नाही. रोज इचार करून करून मले वाटाले लागलं, का आधीच केली असन. सवयीनं. हात गेला असन. अन् मंग या बाईचा हात मीच मोडला." त्यानं रुख्माकडं पाहिलं. "म्हणून इचे रोवणे करून राहिलो. दोन साल झाले."

याची नोकरी घेतली एवढंच देवचंद धरून चालला होता. या माणसाची आठवणसुद्धा आपण हिरावून घेतली, हे त्याला आता कळत होतं.

"सेठले सांगतलं का हे?" भोजराजनं विचारलं.

"नाही."

"स्टँडवर?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिला? माह्यं नाव तू चारचौघांत घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी सात वाजताची गाडी सुटायच्या आधी, सगळे ड्रायव्हर-कंडक्टर चहाला जमतात तेव्हा, देवचंद सेठच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं बोलला. "मागल्या साली मी भोजराजवर खोटी साक्ष दिली. खोट स्विचात होती. मी गाडी तापू न देता निकाल दिला. ही गोष्ट मला दहा दिवसांपासून माहीत आहे. तेवढे दिवसही मी लपवली." त्याचे कान तापले होते. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. पण कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं बशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मंग डॉक्टर, माह्या गाडीची कॉइल गेली म्हणून सांगतलं होतं, ते तरी खरं होतं का?"



सेठ व्यवहारी माणूस. चांगला ड्रायव्हर त्याला हवाच होता. त्यानं भोजराजला बोलावणं धाडलं. भोजराज दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा आला, पण एका अटीवर. पहिल्या फेरीला देवचंद शेजारी बसला पाहिजे.

गाडी देवरीच्या वाटेला लागली. भोजराज छान चालवत होता, सव्वा वर्षात हात काही विसरला नव्हता. देवचंदला थोडं हायसं वाटू लागलं. तेवढ्यात जंगल लागलं, उतार दिसला, आणि भोजराजनं मान न वळवता हळूच सांगितलं, "माह्या हाताकडं पाहत राय. चाबीकडं गेला त सांगजो."

"भोजराज, आता तरी असं बोलू नको. तुझा हात गेलाच नव्हता. मी सांगतो ना."

"तू आता सांगून राहिला," भोजराज म्हणाला. "तवाही तूच सांगतलं होतं."

गाडी उताराला लागली. देवचंद त्या दोन हातांकडं पाहत राहिला.