पंचविसावा अंगठा

अकरा वर्षं मी बीडच्या एका दैनिकात होते, आधी बातमीदार, मग संपादनाच्या डेस्कवर. 'अमुक वस्तीत भूत दिसले' अशी बातमी आली की मी तिचा मथळा बदलून 'अफवेने घबराट' करायचे. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय मी बातमी सोडली नाही. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं... आजही जे लिहितेय ते फक्त घडलेलं आहे. अर्थ लावायचा प्रयत्न मी आणि माझ्यापेक्षा शिकलेल्या तिघांनी करून पाहिला आहे.

नोकरी सोडून मी परफॉर्मन्स स्टडीज या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला. घरचे म्हणाले, "या वयात नाटकाचं कॉलेज?" नाटक हा त्यातला एक कोपरा. माणसं जमून ठरलेल्या रीतीने जे करतात — लग्न, मोर्चा, कोर्टातली साक्ष — ते 'प्रयोग' म्हणून वाचायचं, असा तो अभ्यास. म्हणून शिकवणारे तीन दिशांचे: एक नाटकवाले, एक मानववंशशास्त्राच्या बाई, एक कायदा आणि समाजशास्त्राचे. वर्गात वाद कायम.

प्रबंधिकेसाठी मी विषय घेतला सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा. बातमीदार असताना अशा शेकडो सभांना बसले होते. अध्यक्ष विषय वाचतात, समोरून "मंजूर, मंजूर" येतं, चहा होतो. ते 'मंजूर' कोण, कसं, कुठे बसून म्हणतो, याची नोंद कुणी केलेली नव्हती.

गाव तेलगावपासून नऊ किलोमीटरवर. नाव देत नाही. तिथे एक पाणीवापर संस्था, सभासद अठ्ठेचाळीस. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी चुकला होता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. संस्थेच्या विहिरीत मात्र पाणी होतं, कारण ती जुन्या नाल्याच्या काठी खोल खणलेली. पण पोटनियमात लिहिलेलं — 'केवळ शेतीसाठी'. ती पिण्यासाठी खुली करायची तर पोटनियम बदलायचा, आणि त्यासाठी किमान पंचवीस सभासद समोर हजर हवेत. एरवी गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घेता येते आणि मग कितीही माणसं चालतात. पोटनियम बदलाला ही सवलत नव्हती. अर्ध्या तासाने का होईना, पंचवीस लागणारच.

संस्थेचे सचिव वाघमारे गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची बौद्ध वस्ती गावाच्या पार टोकाला. त्यांची सून सातव्या महिन्यात दोन किलोमीटरवरून हंडा आणत होती. गुरुजी हे मला एकदाच बोलले, तेही सायकलची चेन बसवता बसवता.

अध्यक्ष बळीराम आप्पांची मोसंबी होती. त्यांना विहीर शेतीलाच ठेवायची होती. ते विरोधात बोलत नव्हते. फक्त त्यांची माणसं सभेला येणार नव्हती.

सभा शाळेच्या व्हरांड्यात, सकाळी अकराला. मी खांबाला टेकून वहीत बैठकीचा नकाशा काढत होते, एका माणसाला एक फुली. हजेरीच्या रजिस्टरचं नवं पान गुरुजींनी माझ्यासमोर आखलं आणि ते सह्यांसाठी फिरून आलं की माझ्याच मांडीवर ठेवत. "ताई, तुमच्याकडंच असू द्या. नंतर कुणी म्हनाय नको, मास्तरानं खाडाखोड केली."

अकरा वाजता चोवीस.

आप्पांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास तहकूब. गुरुजी, पंचविसावा कोन हाय तुमचा?"

"लिंबाजी येतो म्हनलाय."

"लिंबाजी? तो तर गेवराईकडं मेंढरं घेऊन गेलाय. गोदावरीचं पानी पेऊन तो कशाला येतो हितलं पानी वाटायला?"

दोघं-तिघं हसले. मागून कुणी म्हणालं, "आप्पा, मेंढरं मोजून घ्या की, कोरम लई हुईल."

लिंबाजी म्हणजे सत्तरीतला धनगर सभासद. दुष्काळात कळप घेऊन साठेक किलोमीटरवर गेलेला. मी त्याला आधी दोनदा भेटले होते. सभेत सगळे 'मंजूर' म्हणतात, हा 'मंजूर हाय' म्हणतो, सगळ्यांचं संपल्यावर, सावकाश. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे 'शेवटचा स्वर' असं लिहिलेलं होतं.

अकरा पंचविसाला तो आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरांचा वास आधी आला, मग तो. कुणाशी न बोलता व्हरांड्याच्या कडेला बसला. मी पंचविसावी फुली मारली. गुरुजींनी माझ्या मांडीवरून रजिस्टर उचललं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. उन्हाने पॅड कोरडं पडलं होतं. गुरुजी त्यावर पाणी शिंपडायला लागले, तर लिंबाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. पानी कशाला घालवता... बोटाला रंग हाय." मेंढ्यांवर खूण करायचा तांबडा रंग. त्याने डावा अंगठा दाबला. चोवीस निळ्या सह्या-अंगठ्यांखाली एक तांबडा.

आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विषय वाचला. "मंजूर, मंजूर" झालं.  सगळं शांत झाल्यावर कडेवरून आलं — "मंजूर हाय."

चहा आला तेव्हा लिंबाजी निघून गेला होता. मी रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला, माझ्या परिशिष्टासाठी. तिसऱ्या दिवशी विहिरीवर वस्तीतल्या बायकांची रांग लागली.

पाचव्या दिवशी मी त्याची मुलाखत घ्यायला गेवराईकडे गेले. एका शेतात कळप बसवलेला होता. बाभळीखाली लिंबाजी पाय लांब करून पडलेला. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, हळदीचा लेप.

"सभेहून परतताना लागलं का?" मी विचारलं.

"कोन्ती सभा?"

त्याची सून चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मामा दहा दिसांपासनं हितंच हायती. काटा मोडला, पाय टेकवत न्हाईत. सभेला कशानं जातेत, उडून?"

मी शेतमालकाला गाठलं. तो म्हणाला, त्या सकाळी अकराच्या सुमाराला त्यानेच हळद आणून दिली होती आणि दुपार होईपर्यंत म्हाताऱ्याजवळ बसला होता. दोन सूत्रं, एकमेकांना न विचारता. माझाच नियम.

मी परत बाभळीखाली आले. लिंबाजीचा डावा अंगठा पाहू का, म्हणून विचारलं. अंगठ्यावर तिरका जुना व्रण होता.

"कातर लागलती," तो म्हणाला. "लोकर काढताना."

मोबाईलवरचा फोटो मोठा केला. तांबड्या ठशात तिरकी पांढरी रेघ. मी ठसेतज्ज्ञ नाही. रेघ होती, एवढंच सांगते.

त्याला फोटो दाखवला. त्याने तो लांब धरून पाहिला. घाबरला नाही, हसलाही नाही.

"गुरुजीला शब्द दिलता," तो म्हणाला. "पाय निघंना. मग म्हनलं, आता सभा भरली आसंल. हितंच बसून म्हनलं, मंजूर हाय. दोनदा म्हनलं."

"मामा मेंढरांशी बी बोलतेत," सून म्हणाली. "आमी कुठवर ध्यान द्यावं?"

"तुम्ही आला होता का, बाबा?" मी विचारलं. प्रश्न मला मूर्खपणाचा वाटत होता.

"म्या कसा सांगू? म्या तर हितं हुतो. तुमी बघितलं ना मला? मग तुमीच सांगा, म्या कुठं हुतो." आणि मग, खरी चौकशी केल्यासारखं — "झालं का पानी चालू?"

झालं, मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शेतमालकाकडून ही गोष्ट आप्पांपर्यंत पोचली. त्यांनी तालुक्याला तक्रार दिली — सभासद गैरहजर, ठराव रद्द करावा. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने शाळेतच सगळ्यांना बसवलं. ठराव पडला तर विहिरीला त्याच संध्याकाळी कुलूप लागणार होतं. गुरुजींची सून दाराशी उभी होती, रिकामा हंडा कमरेवर घेऊन.

अधिकाऱ्याने आधी आप्पांना विचारलं, "सभा तुम्हीच सुरू केलीत ना? का केली?"

"पंचवीस झालते म्हनून."

"पंचविसावा कोण?"

 आप्पांना खोटं बोलता आलं असतं. "लिंबाजी. म्या बघितला त्याला. त्याच्याकडं बघूनच विषय वाचला."

"मग तक्रार कशाची?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. 

मग मला बोलावलं. मी बाहेरची, निःपक्षपाती, वही असलेली. वही उघडून नकाशा दाखवला. "तुम्ही किती पाहिले?" पंचवीस, मी म्हणाले. "लिंबाजी त्यांत होता?" होता. अधिकाऱ्याने वहीच्या पानावर माझी सही घेतली. गेवराईला तुम्ही गेला होता का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलेलं सगळं खरं होतं. तरी अकरा वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते मी केलं, हातातली अर्धी बातमी दाबून ठेवली.

तक्रार निकाली निघाली.

प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेत मात्र मी दोन्ही बाजू मांडल्या. तोवर पाऊस पडून गेला होता. नाटकवाले सर म्हणाले, समूहाला त्या पात्राची गरज होती, रिकामी जागा पाहणाऱ्यांनीच भरली. मानववंशशास्त्राच्या बाई म्हणाल्या, जिथे शब्द देणं हीच हजेरी असते, तिथे लोक शब्दाला शरीर देतात. कायद्याचे सर म्हणाले, सरळ आहे, कुणीतरी घोंगडं पांघरून तोतया बसवला. मग मी पानाचा फोटो पुढे सरकवला. तिघंही त्या तिरक्या रेघेपाशी थांबले. बाईंनी फोटो उलटा करूनही पाहिला.

शेवटी कायद्याच्या सरांनी विचारलं, "मग परिशिष्टात उपस्थितीचा आकडा काय छापायचा?"

या एका ओळीवर माझे दोन आठवडे गेले होते. तळटीप लिहून खोडली, पुन्हा लिहिली. लिंबाजी आता परत गावात आहे. पाय बरा झाला. भेटला की तो त्या दिवसाबद्दल काही विचारत नाही, मीही नाही. विहिरीकडे मात्र एकदा बोट करून म्हणाला, "चालू हाय ना अजून?"

परिशिष्टात मी 'पंचवीस' छापलं. तळटीप ठेवली नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.