पडद्यावरची आई

तळोद्याच्या बाजारातल्या त्या फोटोवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. आईच्या उत्तरकार्यासाठी तिचा फोटो मोठा करून हवा होता. कॉम्प्युटरवर आई अगदी हुबेहूब दिसत होती, पण छापून आली ती करपल्यासारखी काळी. मी म्हटलं, "उजळ करा." त्यानं उजळ केली, तर ती कुणी दुसरीच बाई झाली.

"अहो, पडद्यावर दिसते तशी छापा ना!" मी वैतागले.

"पडदा मांगून उजेड मारस, ताई. कागद जसा शे तसाच ऱ्हास," तो शांतपणे म्हणाला. "मायना रंग कसा व्हता?"

मला सांगता येईना. चाळीस वर्षं बघूनही.

"मंग तुमना हात दाखाडा. तोंड तं मायनंच शे."

त्यानं मला दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं केलं. फोटोतल्या आईच्या हाताच्या कमी-जास्त उजळ अशा बोटभर पट्ट्या छापून तो एकेक माझ्या मनगटाला लावायचा, डोळे बारीक करायचा, मान हलवून परत आत जायचा. पाचवी पट्टी लावली आणि तो नुसता बघत राहिला.

पट्टीची कड मला शोधावी लागली. माझ्याच बाहीतून आईचा हात बाहेर आला होता.