भावजींची चप्पल आणि गुरांच्या माळावरची माती

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माझ्या थोरल्या दिरांची डावी चप्पल पुरलेली आहे. चामड्याची आहे, चांगली आहे, आणि ती तिथेच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही हसाल. हसा बापडे! मला मात्र ती गोष्ट आठवली की अजून डोक्यात जाळ होतो.

सुरुवात भावजींनी केली. हे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ. राहतात डोंबिवलीला आणि गावच्या घराची काळजी तिथून फोनवर करतात. (फोनवर काळजी करायला हात शेणात घालावे लागत नाहीत.) दसरा झाला आणि त्यांचा फोन आला.

"सुनंदा, यंदा खळ्यात पेव्हर ब्लॉक घालून टाकूया. दरवर्षीची कटकट संपेल. चालताना पायाला खडे टोचतात गं."

कटकट! पाऊस सरला की खळं उकरायचं, नवी माती घालायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपून चोपून सपाट करायचं, मग शेणाने सारवायचं. हे सगळं करतो आम्ही दोघं, आणि कटकट होते डोंबिवलीला! त्या खळ्यात आमचं भात वाळतं. संध्याकाळी तिथेच बसून मी भाजी निवडते. मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालता येतं. ब्लॉकवर चालून दाखवा, पायांचे पापड होतील. मी नवरी म्हणून ह्या घरात आले तेव्हा पहिली बसले ती खळ्यात, आणि ते खळं माझ्या डोळ्यांदेखत सिमेंटचं होणार?

"भावजी, खळं मातीचंच राहणार," मी म्हटलं.

"बरं. तुळशीच्या लग्नाला मी येतोच आहे. खळं नीट दिसलं तर ठीक. एक खडा जरी टोचला, तर दुसऱ्या दिवशी ब्लॉकची गाडी येईल."

"बघाच तुम्ही!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. (आपटला.)

आता प्रश्न खड्यांचा. आम्ही घरामागची लाल माती वापरतो. ती बिचारी चांगली, पण तिच्यात जांभ्या दगडाचा चुरा असतो. मला हवी होती लोण्यासारखी माती. आणि ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं! आमच्या गावावर जो डोंगर आहे त्याच्या माथ्याला सगळा कातळ, पण मधल्या अंगाला गुरं चरतात तो माळ आहे. तिथे राखाडी चिकणमाती. खडा औषधाला सापडायचा नाही. पावसाळ्यात तिथे म्हशीचा पाय गुडघाभर रुततो आणि दिवाळीच्या सुमाराला तीच जमीन अशी कडक होते, की टिकाव मारला तर उलटा कपाळावर येईल. एवढी घट्ट माती! खळ्याला आणखी काय पाहिजे?

मी ह्यांना सांगितलं. हे गोठ्यात होते.

"हां," हे म्हणाले. "पण तेच्यात वाळू मिसळूक होई."

"वाळू? म्हणजे भावजींच्या पायाक परत खडे? तुमका कायएक कळणा नाय!"

"बरां," हे म्हणाले.

हे 'बरां' लक्षात ठेवा. लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाच्या तोंडून 'बरां' ऐकते आहे. आमटी खारट झाली, बरां. छप्पर गळतंय, बरां. भिंतीशी भांडल्यावर भिंत तरी पडते!

माळावर गेलो. टिकाव खरोखरच उलटा आला. मग मी म्हटलं, पाणी मारा. खालून कळशा आणून पाणी मारलं, तर वरचा थर शिरा झाला आणि खालचा दगडच राहिला! माती खोऱ्याला चिकटली ती सुटेना. खोऱ्यावरून हाताने ओढावी तर हाताला चिकटली. हातावरची चपलेने खरवडावी तर चपलेला. घरी आले तेव्हा मी चार बोटं उंच झाले होते आणि माती वाहून आणणारा गाडीवाला मला ओळखेना. तरी मी हार मानली नाही. ढेकळं वाळवली, कुटली, चाळली. अहो, पीठसुद्धा मी एवढं चाळत नाही!

खळं झालं. आणि काय झालं म्हणून सांगू! आरशासारखं. हात फिरवावा आणि फिरवतच राहावा. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ह्याला म्हणतात खळं!' भावजींनी नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा बघून मला जो आनंद झाला, तो लेक पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

मग ऊन पडलं.

आधी वृंदावनाजवळ केसाएवढी रेघ दिसली. मला वाटलं, मुंगळ्यांची रांग असेल. दुपारपर्यंत तिच्यात नख जाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी बोट. आणि एक रेघ कुठली, सगळं खळंच तडकलं! जेवताना बाहेरून तट्‌ तट्‌ आवाज यायचा. एकदा मी लोणचं उन्हात ठेवायला गेले तर हातातला चमचा भेगेत पडला. मी आत हात घातला, आणि तो कोपरापर्यंत गेला. चमचा आजतागायत मिळालेला नाही.

"अगो, वाळू..." हे ओसरीवरून म्हणाले.

"एक शब्द बोलशात तर बघा!"

"बरां."

मी भेगा बुजवल्या. कशाने? त्याच मातीने! (रागात माणसाची अक्कल चरायला जाते, आणि माझी तर त्याच माळावर चरत होती.) ती मातीही वाळली आणि तडकली. जिथे एक भेग होती तिथे आता दोन. मग मी शेणाचा जाड थर दिला. दोन दिवस सगळं झाकलं. तिसऱ्या दिवशी शेणही तडकलं. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी घरातल्या सगळ्या चटया आणि सतरंज्या खळ्यात अंथरल्या, वर झावळ्यांचा माटव म्हणजे मांडव घातला.

भावजी दुपारी आले. चटयांवरून चालत आले आणि चक्क खूश झाले. "व्वा, सुनंदा! एक खडा नाही. अगदी मऊ लागतंय." मी जिंकले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवेलागणीला आजूबाजूची माणसं जमली, तुळस नटली, वृंदावनात ऊस आणि दिंड्याची काठी उभी राहिली, भटजींनी अंतरपाट धरला. अक्षता पडू लागल्या. अर्ध्या तुळशीवर, अर्ध्या चटयांच्या फटींतून धरणीच्या पोटात.

आणि पाऊस आला! तुळशीच्या लग्नात! सणाचं निमंत्रण न घेता येणारा पाहुणा परवडला, पण हा धो धो कोसळला. माटवावरच्या झावळ्यांतून पाणी सरळ खाली. भेगांनी ते घटाघटा पिऊन घेतलं. मला वाटलं, चला, पाणी तरी मुरलं. मुरतंय कुठलं? ती माती मुरू देत नाही. ती फुगते! बघता बघता भेगा मिटल्या, जमीन वर आली आणि सबंध खळं डिंकासारखं झालं.

"शुभमंगल सा... अगो, माझो पाय!" भटजी ओरडले. त्यांचा एक पाय चटईसकट आत गेला होता. त्यांना ओढायला दोघे गेले, तेही रुतले. बायका हसू लागल्या, आणि हसता हसता एकमेकींना धरून बसल्या, कारण उभं राहणं शक्य नव्हतं. भावजी पडवीत धावले, चपला चढवल्या आणि गाडीच्या काचा बंद करायला खळ्यातून निघाले. तीन पावलं टाकली असतील नसतील. डावा पाय आला, चप्पल आली नाही. त्यांनी वाकून ओढली. सुळकन हात सुटला आणि ते पांढऱ्याशुभ्र लेंग्यासकट मागच्या मागे बसले.

"आवशीक खाव!" भावजींची डोंबिवली एका क्षणात उतरली. "ह्या खळां आसा काय चिखल? उद्याच्या उद्या ब्लॉक घालतंय! कोणाचा ऐकूचंय नाय!"

"शिरा पडो ह्या मातयेर!" मी मातीला शिव्याशाप देत ओरडले आणि तिथेच, चिखलात, रडायला बसले. संपलं सगळं. माझं खळं गेलं.

सकाळी भावजी खरोखरच फोन कानाला लावून ब्लॉकवाल्याला गाठत होते. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. (चप्पल शोधायला पहाट झाल्यावर पहार घातली होती. माती अजून डिंकच होती, पहार आत गेली ती सुटेना.) तेवढ्यात गोठ्यामागून हे आले. डोक्यावर घमेलं. घमेल्यात लाल माती आणि वाळू, मिसळून तयार!

"दादा, फोन ठेव," हे म्हणाले. "खळां मातयेचाच रवतलां."

"अरे, पण..."

"नाय म्हटलंय मा. ह्या खळां आमी दोघां करतो. तू फक्त चालतंस."

मी बघतच राहिले. ह्यांच्या तोंडून 'नाय'! तेही थोरल्या भावाला! भावजींनी फोन खिशात घातला आणि चहा मागितला. मला तर ह्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात माझं लक्ष गोठ्यामागे गेलं. तिथे लाल मातीचा आणि वाळूचा एवढा मोठा ढीग होता. वरून सुकल्या झावळ्या घातलेल्या. हे काही एका रात्रीत आणलेलं नव्हतं!

माझा पारा परत चढला. "म्हणजे तुमका पयल्यापासून म्हायत होता, खळां फुटतला म्हणान?"

"मी सांगलंय मा, वाळू होई."

"एकदाच!"

"दुसऱ्यान् सांगूक खंय दिलंस?"

"मग भावजींका कसा 'नाय' म्हटलात? तसाच माका म्हणूचा होता!"

हे शांतपणे घमेलं खाली ठेवून म्हणाले, "दादाक कित्याक भियाचा? तो डोंबिवलीक जाता. तू हयंच रवतंस."

भावजी चहा सांडेपर्यंत हसले. मी तणतणत गोठ्यात शेण काढायला गेले.

त्यानंतर खळं वाळू घातलेल्या मातीचं झालं. भेग नाही, चिखल नाही, थोडे खडे आहेत. भावजी दरवर्षी येतात, चप्पल पुरली आहे त्या जागी उभे राहतात आणि नव्या पाहुण्यांना सगळी गोष्ट सांगतात. मी आत भांडी आपटते.

परवा पाऊस सरला. हे टोपली घेऊन दारात उभे राहिले. "लाल माती आणि वाळू आणूक जातंय गो. येतंस मा?"

माझ्या मनात आणखी एक कल्पना होती. परसात नवी पिवळी माती निघाली आहे, फार छान दिसते, ती घालून बघावी असं वाटत होतं. शब्द अगदी ओठांवर आला. मी एकदा भावजींच्या चपलेच्या जागेकडे बघितलं, दात आवळले, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"बरां!"