तळाशी ठेवलेली काच

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगात आलेल्या बाईला मी तोंडावर ‘चहा घे, बरं वाटेल’ म्हटलेलं आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. तरी हे लिहायला बसले, कारण इतकी वर्षं झाली, मन स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या उत्खननाच्या. सासरे इंग्रज साहेबाच्या हाताखाली होते. खणायचे सासरे, ओळखायचेही सासरेच. पुस्तकावर नाव साहेबाचं. आतही सासऱ्यांचं कुठे नाही. मग त्यांनी आपली खूण ठरवली — खड्डा बुजवण्याआधी तळाशी सासूबाईंच्या फुटक्या बांगडीचा तुकडा ठेवायचा. पुढे खणणाऱ्याला कळावं, इथे आधी कोणीतरी येऊन गेलंय. त्याचं बोट कापू नये म्हणून दोन्ही टोकं दगडावर घासायची. आमच्या ह्यांनीही तेच केलं, माझ्या बांगड्यांनी. मुलगा शिरीष मात्र हसायचा.

९८ च्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे आखातात, रास अल खैमाला होते. डोंगराच्या पायथ्याशी एक फार जुनं थडगं उघडायचं काम चाललं होतं. आधी कोणी हात न लावलेलं निघालं, तर शिरीषचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढणार होतं. नाहीतर खलास — पोरांची शाळा सोडून पुण्याला परत.

दुपारी डबा घेऊन गेले, तर हा तळाशी उकिडवा बसलेला, चेहरा उतरलेला. वरचे मातीचे थर त्यानं स्वतः तपासले होते, कुठेच ढवळलेले नव्हते. आणि खाली हिरव्या बांगडीचा तुकडा... दोन्ही टोकं घासलेली.

कामावरचा गोरा साहेब पलीकडे चहा पीत होता.

“आई, पदरात घाल आणि जा,” शिरीष हळूच म्हणाला.

माझा हात पुढे झालाही होता. मग म्हटलं, “तुझ्या आजोबांचं नाव त्या इंग्रज साहेबानं गिळलं. आता तू गिळ.”

त्यानं साहेबाला हाक मारली. साहेबानं विचारलं, आईच्या हातातली तर नाही ना पडली? मी दोन्ही हात पुढे केले. हे जाऊन सात वर्षं झाली होती. हात मोकळेच होते.

कॉन्ट्रॅक्ट गेलं. सून महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

सासरे कधी कराचीच्या पलीकडे गेले नव्हते, आमचे हे तर देशाबाहेरही नाहीत. थर न मोडता काच खाली कशी गेली, ते शिरीषला अजून सांगता येत नाही. मला तर नाहीच. त्या दिवशीच्या नोंदीत ‘यापूर्वी कोणी खणले’ असा रकाना होता. तिथे त्यानं आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. साहेबानं का कोण जाणे, खोडलं नाही.

कामाच्या कागदावर सासऱ्यांचं नाव आलं ते तेवढंच... आणि तेही जिथे ते कधी गेलेच नाहीत, त्या जागेच्या.