थोरल्यांची द्रौपदी

आप्पांनी केस कापले. त्यानंतर आमच्या घरातलं कोणी रंगमंचावर गेलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. नव्वदच्या दशकात ते वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. डोक्यावर टोपी, टोपीखाली अंबाडा. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी हटकून विचारायचं, "काय वहिनी, आज अंबाडा की वेणी?"

"वेणी रविवारी," आप्पा डबा उघडत म्हणायचे. "गजरा तू आण."

त्यांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकातले नट. त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. ते नायिका व्हायचे, तेही टोप न लावता, स्वतःच्या केसांवर. त्यांनी नाटक मंडळी काढली आणि घराला एक नेम घालून दिला. मोठ्या मुलाने केस राखायचे, आणि बापाने आपल्या अंबाड्यातला आकडा काढून मुलाच्या केसांची पहिली गाठ बांधायची. बापाचाच अंबाडा नसेल तर गाठ नाही. मंडळी केव्हाच मोडली होती. गोखिवऱ्याला देवीच्या उत्सवात द्रौपदीचा एक प्रयोग तेवढा होई. तो आप्पांच्या वाट्याला आला.

कुठल्या वाक्याला हात किती उचलायचा, हे थोरल्यांपासून ठरलेलं होतं. एका वर्षी गुडघे धरले म्हणून आप्पा द्यूतसभेच्या प्रवेशात जरा बाजूला टेकून बसले. प्रेक्षकांतून आवाज आला, "थोरले असे बसत नव्हते!" आप्पा आत येऊन मला म्हणाले, "माझ्याच वयाचा आहे तो. त्याने थोरल्यांना कुठे पाहिलं गं? मी तरी कुठे पाहिलंय?" आणि पुढच्या प्रवेशात बरोबर ठरल्या जागी, कण्हत बसले.

दादा कॉलेजात गेला तेव्हा आप्पांचे चुलतभाऊ, भाऊकाका, फुलपाड्याच्या आमच्या घरी आले. म्हणाले, "तुझे गुडघे गेले. आता पोराचे केस राखायला घे." दादाने ताटातला भात फक्त इकडचा तिकडे केला. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते इमारतीखालच्या सलूनमध्ये गेले. "काका, पक्का ना?" न्हाव्याने दोनदा विचारलं म्हणे.

भाऊकाका ओरडले, "घराणं बुडवलंस!"

"हो," आप्पा म्हणाले. "माझ्यापाशी संपू दे."

उत्सवाला मग दुसरा नट टोप लावून उभा राहिला. आप्पा गेले नाहीत. पण त्या संध्याकाळी ते दरवर्षी हॉलमध्ये सबंध भूमिका पुटपुटायचे, आणि हात ठरल्या जागी वर जायचे. एकदा दादा म्हणाला, "आप्पा, आता कोणी बघत नाही. तुमच्या पद्धतीने म्हणा की."

आप्पा उठले. सभेतलं पहिलं वाक्य त्यांनी तोंडात घेतलं आणि थांबले. मग खुर्चीवर बसत म्हणाले, "माझी पद्धत कुठली रे? मला तेवढं एकच येतं."

त्यानंतर त्यांनी द्रौपदी म्हटली नाही. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते गेले. भाऊकाका खांदा द्यायला आले, पण दादाशी बोलले नाहीत.

दादा आता नोकरी करतो. त्याला एक मुलगा आहे. त्या मुलाने पुढे काय व्हायचं, हे आमच्या घरात कोणी ठरवलेलं नाही.